नववीच्या वर्गाची लेखकाला पत्रं: सगळी एकसारखी का होतात आणि मग काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. तुम्ही कोल्हापूरजवळच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवता. वर्गानं मिळून एक कादंबरी वाचली. लेखक हयात आहेत, म्हणून तुम्ही मुलांना त्यांना पत्र लिहायला सांगितलं. ४२ पत्रं आली आणि त्यातली ३८ जवळजवळ एकच आहेत: 'आपली कादंबरी वाचून मी भारावून गेलो, आपली भाषा ओघवती आहे, आपल्याला ही कादंबरी कशी सुचली, पुढील लेखनास शुभेच्छा.' उरलेल्या चौघांनी, तुमच्या शब्दांत, 'काहीतरीच' लिहिलंय. एकानं तर सगळं पत्र म्हशीवरच लिहिलंय. ही पत्रं सुधारून पाठवावीत, पुन्हा लिहून घ्यावीत की नाद सोडून द्यावा, असं तुम्ही विचारलंय. उत्तर आलं नाही तर मुलं हिरमुसतील ही काळजी आहेच, आणि मुख्याध्यापकांना पत्रांचे फोटो शाळेच्या ग्रुपवर हवेत.

नाद सोडू नका. मी कोल्हापुरात २६ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवतोय आणि त्यातली १५ तरी वर्षं वर्गाकडून लेखकांना पत्रं लिहून घेतोय. पहिल्या वर्षी माझ्या हातातही असाच गठ्ठा आला होता.

तुम्हाला वाटतंय की मुलांनी कादंबरी नीट वाचलेली नाही. मला तसं वाटत नाही. त्यांनी ते पत्र लेखकाला लिहिलेलंच नाही, तुम्हाला लिहिलंय. वर नाव लेखकाचं आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर बाई आहेत आणि बाईंच्या हातातलं लाल पेन आहे. विचार करून बघा, या मुलांनी आजवर लिहिलेली पत्रं कुठं गेली? मामाला लिहिलेलं मामाला गेलं नाही. महापालिका आयुक्तांना खड्ड्यांबद्दल लिहिलेलं आयुक्तांपर्यंत गेलं नाही. सगळी 'अ. ब. क.' अशी सही होऊन तपासायला गेली. पत्र म्हणजे मायना, विषय, तीन परिच्छेद आणि 'आपला विश्वासू' एवढंच ज्याला ठाऊक आहे, तो मुलगा पाठीमागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढणार नाही तर काय करणार? 'ओघवती भाषा' तिथूनच आलीय, पुस्तक उघडून बघा.

म्हणून शुद्धलेखन सुधारून ती ३८ पत्रं पाठवू नका, आणि 'पुन्हा लिहा, मनापासून लिहा' असंही सांगू नका. 'मनापासून' म्हटलं की पोरं आणखी मोठे शब्द शोधतात. आधी त्यांच्याकडं त्या माणसाला सांगण्यासारखं काहीतरी असायला हवं. ते असतंच, फक्त ते सांगण्याजोगं आहे हे त्यांना ठाऊक नसतं.

इथं काही गोष्टी तुमच्या वर्गावर अवलंबून आहेत. घरात पुस्तक नसलेली मुलं जास्त असतील तर वेळ जास्त लागेल. कादंबरीच्या दोनच प्रती असतील आणि तुम्ही वर्गात वाचून दाखवली असेल, तर मुलांना पान नंबर आठवणार नाही, प्रसंग आठवेल, तेवढं पुरे. लेखकाचा उतारा पाठ्यपुस्तकात असेल तर त्यांच्याकडं दरवर्षी राज्यभरातून पत्रं जात असणार, मग उत्तराची शक्यता कमी धरा. आणि वर्ग १५ जणांचा असेल तर मी सांगतोय ते दोन तासांत होतं, ४२ जणांचा असेल तर चार तास धरून चला.

आता पद्धत सांगतो. पत्र हा शब्दसुद्धा न काढता मी एक तास घेतो. प्रत्येकाला वहीच्या पानाचा चतकोर तुकडा देतो आणि विचारतो: वाचताना कुठं थांबलात? मागं जाऊन कुठलं पान परत वाचलंत? कुणाचा राग आला? घरात कुणाला यातलं काही सांगितलंत का? यातल्या एकाचं उत्तर, एका ओळीत, नाव न घालता. 'काय आवडलं?' हे मी विचारत नाही. त्या प्रश्नाला मुलं शाळेचं उत्तर देतात. 'कुठं थांबलात?' याला शाळेचं उत्तर नसतं, त्यामुळं खरं सांगावंच लागतं.

एका वर्षी कादंबरीत पुराचं प्रकरण होतं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे आपल्याकडच्या पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पूर उतरल्यावर लगेच सगळे घरात राहायला आले, हे कसं?' मी ते वर्गात वाचलं आणि वर्ग उसळला. २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीकडची जी मुलं आठ-नऊ वर्षांची होती, ती त्या वर्षी माझ्यासमोर बसलेली होती. गाळ कसा खरवडून काढावा लागतो, भिंतीचा ओलेपणा किती दिवस राहतो, धान्याची पोती फुगून फुटतात तेव्हा वास कसा येतो, गादी वाळवली तरी का टाकून द्यावी लागते, हे सगळं त्यांनी एका तासात सांगितलं. मग मी म्हटलं, हे त्या लेखकांना ठाऊक आहे का? वर्ग गप्प झाला. एकजण म्हणाला, 'नसणार सर, असतं तर लिहिलं असतं.' मी म्हटलं, मग सांगूया का त्यांना?

पत्र त्या क्षणाला सुरू झालं. ज्या मुलानं चिठ्ठी लिहिली होती त्यानं पुढं पत्रात लिहिलं की आमच्या घरातला वास दिवाळीपर्यंत गेला नव्हता आणि तुमच्या पुस्तकात वासच नाही. लेखकानं त्याला उत्तर पाठवलं. चार ओळींचंच होतं, पण त्यात त्यांनी मान्य केलं की पूर त्यांनी लांबून पाहिला होता.

तुमच्या म्हशीवाल्या मुलाकडं आता वळतो, कारण तुमच्या सगळ्या गठ्ठ्यात खरं पत्र तेच आहे. तुम्ही लिहिलंय की कादंबरीत घरची म्हैस विकली जाते आणि हा मुलगा विचारतोय, 'रेडकू कुणाकडं राहिलं?' तुम्हाला हा फाटा वाटला. मला सांगा, त्याच्या घरी जनावरं आहेत का? डेअरीला दूध घालतात का? जवळजवळ नक्कीच घालत असतील. दुभती म्हैस विकताना रेडकू बरोबर देतात, कारण रेडकाशिवाय ती बहुतेक वेळा पान्हा सोडत नाही, दूध चोरते. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर उभं राहणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. म्हणजे या मुलाला व्यवहार माहीत आहे, लेखकानं तो लिहिलेला नाही, आणि त्या रिकाम्या जागेवर मुलगा अडलाय. रेडकू घरी ठेवलं असेल तर म्हैस विकणारा माणूस फसवतोय. बरोबर दिलं असेल तर घरातल्या लहान पोरीनं त्याला निरोप कसा दिला, हा आख्खा प्रसंग राहून गेलाय. एवढं सगळं त्या एका प्रश्नात आहे. कादंबरीवर लिहिणाऱ्या मोठ्या माणसांना असा प्रश्न पडेलच असं नाही.

तेव्हा ते चौघं तुमची सुरुवात आहेत. त्यांची नावं न सांगता त्यांचे प्रश्न वर्गापुढं ठेवा आणि बाकीच्यांना विचारा, याचं उत्तर काय असेल? त्या चर्चेतून उरलेल्या ३८ जणांना परवानगी मिळते की म्हशीबद्दल लिहिलेलं चालतं.

प्रश्नांबद्दल एक नियम मी कटाक्षानं पाळतो. ज्याचं उत्तर पुस्तकातच आहे, प्रस्तावनेत आहे, किंवा वाचनालयात तासभर बसून मिळतं, तो प्रश्न पत्रात घालायचा नाही. 'कादंबरी कशी सुचली' हे प्रस्तावनेत असतं. तुम्ही शहराजवळ आहात, तर चार मुलांना करवीर नगर वाचन मंदिरात न्या. १८५० पासूनचं वाचनालय आहे, या लेखकाची आधीची पुस्तकं तिथं मिळण्याची शक्यता बरीच. एका वर्षी माझ्या मुलींनी लेखिकेच्या आधीच्या पुस्तकातली एक आजी आणि या कादंबरीतली आजी शेजारी ठेवून विचारलं होतं, 'ही तीच आहे का?' असा प्रश्न आला की लिहिणाऱ्याला कळतं, समोरच्यानं कष्ट घेतलेत. उत्तर लिहावंसं वाटतं ते त्यामुळं.

मुलाला कादंबरी आवडली नसेल तर? लिहू दे. पण 'बोअर झालं' एवढ्यावर सोडायचं नाही. कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलं, त्याआधी काय वाटत होतं, काय व्हायला हवं होतं, हे विचारा. तालमीत जाणाऱ्या एका मुलानं मला तोंडावर सांगितलं होतं की कुस्तीचं प्रकरण खोटं आहे, मैदानात उतरायच्या आधी कुणी पैलवान असं भरपेट जेवत नाही. त्याला मी म्हटलं, हे लिही, आणि तुझ्या तालमीत कुस्तीच्या दिवशी काय खातात तेही लिही. नुसता दोष दाखवलेलं पत्र उद्धट वाटतं. त्याच्याबरोबर स्वतःकडची माहिती दिली की ते मदत केल्यासारखं वाटतं. मुलांना हा फरक लगेच समजतो.

आता एक गंभीर गोष्ट, तुम्ही विचारली नाही तरी सांगायला हवी. मुलं खरं लिहायला लागली की घरातलंही लिहितात. दारू, मारहाण, कर्ज. पाठवण्याआधी प्रत्येक पत्र वाचायचं ते चुका काढण्यासाठी नाही, यासाठी. एका मुलीनं कादंबरीतल्या नायिकेबद्दल लिहिता लिहिता लिहिलं होतं की माझंही दहावीनंतर ठरवायलेत, मला तुमच्यातल्या मुलीसारखं बोलता येत नाही. १५ वर्षांची पोर. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे तू लेखिकेला सांगायला लिहिलंस की मला? ती म्हणाली, 'कुणालातरी.' ते पत्र आम्ही पाठवलं नाही. शाळेतल्या बाई आणि मी तिच्या आईला भेटलो, मग वडिलांना. १८ वर्षांखाली मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, हे शांतपणे सांगितलं, आणि गरज पडली तर १०९८ या चाईल्डलाईनच्या नंबरावर बोलायची तयारी ठेवली. तशी वेळ आली नाही. मुलीनं दहावी दिली, पुढं अकरावीला प्रवेश घेतला. नंतर तिनं लेखिकेला दुसरं पत्र लिहिलं आणि त्यात ही गोष्ट नव्हती. तिनंच ठरवलं. असं काही तुमच्या गठ्ठ्यात निघालं तर ते परक्या माणसाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही, एवढं धरून ठेवा. साध्या घरगुती गोष्टींबाबतही मी मुलाला विचारतो, हे अनोळखी माणसानं वाचलं तर तुला चालेल का? विचार करून 'हो' म्हणाला तर राहू देतो.

भाषेचं काय करायचं? यावर आमच्या शिक्षकखोलीत दरवर्षी वाद होतो. माझं मत असं. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, पात्रांची नावं, तारीख आणि पत्ता यांत एकही चूक चालणार नाही. स्वतःचं नाव चुकीचं लिहिलेलं कुणालाच आवडत नाही. बाकी मजकूर मुलानं शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. ऐकणारा जिथं अडखळला तिथंच दुरुस्ती. ऱ्हस्व-दीर्घासाठी कोश हाताशी ठेवा, बघू देत त्यांचे ते. तुमचं लाल पेन मात्र कपाटात राहू दे.

आणि बोलीचं? आपल्याकडची मुलं 'मी तुमची कादंबरी वाचलो' असं लिहितात, मुलीसुद्धा 'मी रडलो' लिहितात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते खटकेल. पूर्वी मी सगळं 'वाचली' आणि 'रडले' करून घ्यायचो. एकदा एका मुलीनं विचारलं, 'सर, मी घरात रडलो म्हणतो. इथं रडले लिहिलं तर दुसरीच कोणतरी रडल्यासारखं वाटतंय.' तेव्हापासून मी दोन्ही रूपं फळ्यावर लिहितो, प्रमाण मराठीत काय होतं आणि परीक्षेत काय लिहायचं ते स्पष्ट सांगतो, आणि पत्रात कुठलं ठेवायचं ते त्यांच्यावर सोडतो. निम्मी मुलं प्रमाण रूप निवडतात, निम्मी आपलं ठेवतात. दोन्ही पत्रं जातात. पण ही माझी सवय आहे, तुमच्या शाळेत यावर रोष होणार असेल तर निदान संवादांत आणि घरातल्या माणसांच्या तोंडी तरी बोली राहू द्या.

मायन्याबद्दल फार डोकं शिणवू नका. 'प्रति' आणि 'विषय' काढून टाका, तो अर्जाचा साचा आहे. 'सप्रेम नमस्कार' पुरतं. कुणी 'काका' लिहील, कुणी 'मॅडम', कुणी नुसतं नाव आणि 'यांना'. जे तोंडात बसतं ते लिहू दे. सुरुवात मात्र स्वतःच्या ओळखीनं नको. 'मी अमुक शाळेत नववीत शिकतो' ही ओळ ४२ वेळा वाचायची पाळी आली तर कुणीही कंटाळेल. शाळेची, वर्गाची, गावाची ओळख तुम्ही तुमच्या स्वतंत्र पत्रात एकदाच करून द्या. मुलाचं पत्र थेट तो जिथं थांबला त्या जागेपासून सुरू होऊ दे.

डाक खात्याची 'ढाई आखर' ही पत्रलेखन स्पर्धा यात मिसळू नका, असं आवर्जून सांगतो. ती चांगली आहे, पण तिथं विषय दिलेला असतो, शब्दमर्यादा असते, परीक्षक असतात. म्हणजे पुन्हा वाचणारा गुण देणारा. ती वेगळ्या महिन्यात करा. याच कारणासाठी मी या पत्रांना गुणही देत नाही. अंतर्गत मूल्यमापनात कुठंतरी दाखवावंच लागलं तर चिठ्ठ्या आणि वाचनाच्या नोंदी दाखवतो.

मोबाईलवरून लिहून आणलेल्या पत्रांचीही शंका तुमच्या मनात असेल. त्यावर एकच उपाय: घरी द्यायचंच नाही. वर्गात, पेननं, माझ्यासमोर. पहिला खर्डा फाटला तरी चालतो.

पाठवण्याचं आता. लेखकाचा घरचा पत्ता कुठूनतरी मिळवून थेट पाठवू नका, प्रकाशकामार्फत पाठवा. पुस्तकाच्या आतल्या पानावर प्रकाशकाचा पत्ता असतो, पण तुमच्याकडची प्रत जुन्या आवृत्तीची असेल तर तो बदललेला असू शकतो. फोन करून खात्री करा आणि 'पत्रं लेखकांपर्यंत पोचवाल का' हेही विचारा. सगळी पत्रं एका मोठ्या पाकिटात, वर तुमचं पत्र. त्यात स्पष्ट लिहा की उत्तराची सक्ती नाही, आणि लिहावंसं वाटलं तर वर्गाला मिळून एक पत्र पुरेल. ४२ जणांना वेगवेगळं लिहायला बसणं कुणाला जमणार? आमच्या अनुभवात या एका ओळीमुळं उत्तरं येण्याचं प्रमाण वाढलं. सोबत शाळेचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट घाला. मुलांच्या पत्रांवर शाळेचाच पत्ता असू दे, घरचा पत्ता नको, फोन नंबर नको. रमणमळ्याच्या मोठ्या पोस्टात किंवा तुमच्या जवळच्या पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं टाका. पूर्वीचं रजिस्टर २०२५ साली स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळं काउंटरवर तेच मागा आणि पावती वर्गाच्या भिंतीवर लावा. जमलं तर पाच-सहा मुलांना बरोबर न्या. आपलं पाकीट वजनकाट्यावर ठेवलेलं आणि त्यावर शिक्का पडलेला मुलांनी बघितला पाहिजे. तेव्हा त्यांना पटतं की हे पत्र खरंच जाणार आहे. प्रत्येक पत्राची झेरॉक्स आधी काढून ठेवा, ती त्या मुलाचीच.

'सगळ्यात चांगली दहाच पाठवूया' असं कुणी सुचवेल. ऐकू नका. ज्याला पाठवायचंय त्या प्रत्येकाचं जाईल, आणि ज्याला पाठवायचं नाही त्याच्यावर जबरदस्ती नाही. दरवर्षी दोन-तीन मुलं पत्र स्वतःजवळ ठेवतात. मी कारण विचारत नाही.

उत्तर न येण्याची तुमची काळजी खरी आहे, त्याबाबत माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात वर्गाला म्हटलं होतं, बघा, उत्तर येईलच. आलं नाही. पहिल्या बाकावरचा एक मुलगा फेब्रुवारीपर्यंत रोज मधल्या सुट्टीत ऑफिसात डोकवायचा, 'सर, पोस्टमन आला का?' शेवटी त्यानं विचारणं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं. पुढं कळलं की पत्ता जुना होता, गठ्ठा बहुधा पोचलाच नव्हता. मी त्याला ते सांगितलं, पण तोवर तो शाळा सोडून गेला होता, रस्त्यात भेटला तेव्हा सांगितलं. तेव्हापासून मी पाठवायच्या दिवशीच वर्गाला बजावतो: पत्र पोचेल एवढं आपण बघू, उत्तर येणं आपल्या हातात नाही. लेखक आजारी असतील, प्रवासात असतील, लिहिण्यात गुंतलेले असतील. आणि मी स्वतः प्रत्येक मुलाच्या पत्राला दोन ओळींचं उत्तर देतो, वाचक म्हणून. म्हशीवाल्या मुलाला तुम्ही लिहू शकता की मलाही रेडकाची आठवण झाली नव्हती, तुझं वाचून ते पान पुन्हा काढलं. त्यामुळं एकही पत्र बिनउत्तराचं राहत नाही. पाठवायची वेळ दिवाळीनंतरची बरी, म्हणजे शाळा सुटायच्या आत पाच महिने मिळतात.

पुढच्या वर्षी तुम्ही दिवंगत लेखकाची कादंबरी निवडलीत तरी पत्रं लिहून घेता येतात, फक्त त्यांचा सूर वेगळा असतो. मी एकदा वर्गाला शिवाजी विद्यापीठातल्या वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालयात नेलं होतं. खांडेकर १९७६ साली गेले. मराठीला पहिलं ज्ञानपीठ त्यांच्यामुळं मिळालं हे मुलांना पाठ होतं, पण कोल्हापुरात यायच्या आधी ते शिरोड्याला अनेक वर्षं शाळामास्तर होते आणि शेवटच्या काळात त्यांची दृष्टी गेली होती, हे नवीन होतं. परत आल्यावर लिहिलेल्या पत्रांत एका मुलीनं विचारलं होतं, 'दिसत नसताना तुम्हाला आलेली पत्रं कोण वाचून दाखवायचं? मी आमच्या आजीला वाचून दाखवतो.' उत्तर येणार नाही हे ठाऊक असल्यामुळं मुलं तिथं विचारण्यापेक्षा सांगतात जास्त. अशी पत्रं आम्ही वर्गाच्या फाईलमध्ये ठेवतो.

मुख्याध्यापकांना फोटोंबद्दल सरळ सांगा की पत्र ज्याला लिहिलंय त्याच्या आधी ते दोनशे पालकांनी वाचलं तर पुढच्या वेळी मुलं पुन्हा 'ओघवती भाषा' लिहितील. त्याऐवजी पोस्टात जातानाचा फोटो द्या, मुलांच्या हातात बंद पाकीट असलेला. आमच्याकडं यावर समाधान झालं.

तर सोमवारी आधीची ४२ पत्रं ज्याची त्याला परत द्या, रागावू नका, गुण देऊ नका, 'हा सराव झाला' एवढंच म्हणा. मग चिठ्ठ्यांचा तास घ्या. आणि त्या म्हशीच्या पत्रावर तुम्ही 'विषय सोडून' असा शेरा मारला असेल, तर त्याला नवा कागद देऊन तेच पत्र जसंच्या तसं उतरवून घ्या. त्याला एवढंच विचारा की तुमच्या घरची म्हैस कधी विकली असेल तर तेव्हा रेडकू कुठं होतं, आणि जे सांगेल ते खाली लिहायला सांगा.